लोखंडी भीम

महाभारतात आंधळ्या माणसाच्या मिठीत एक पुतळा दिल्याची गोष्ट आहे, आणि त्यात त्या माणसाची फसवणूक होते. युद्ध संपलेलं आहे, शंभर मुलगे गेलेले आहेत, पांडव भेटीला आलेले आहेत. धृतराष्ट्र आधी युधिष्ठिराला जवळ घेतो आणि मग भीमाला बोलावतो. त्याच्या मनात काय आहे ते कृष्णाने ओळखलेलं असतं. तो भीमाला मागे ओढतो आणि लोखंडाचा भीम पुढे सरकवतो. हा पुतळा दुर्योधनानेच करवून घेतलेला होता, असं स्त्रीपर्व सांगतं. दहा हजार हत्तींचं बळ असलेला म्हातारा त्याला कवटाळतो, त्याचा चुराडा करतो, स्वतःची छाती फोडून घेतो, रक्त ओकतो आणि कोसळतो. शुद्धीवर येऊन भीमासाठी रडायला लागतो, तेव्हा कृष्ण त्याला सांगतो की मेला तो भीम नव्हे, ते लोखंड होतं.

मी जन्मापासून आंधळा आहे. सांगलीच्या एका महाविद्यालयात भारतीय तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यातही न्याय आणि वैशेषिक जास्त. ही गोष्ट मी पोरांना अनेकदा सांगितली आणि ती मला एकदाही पटली नाही. लोखंड गार असतं. माणूस ऊन असतो, त्यातून अठरा दिवस लढून आलेला, घामाचा वास येणारा, श्वासागणिक छाती वरखाली होणारा. मिठीतला माणूस उलट मिठी मारतो, नाहीतर निदान अंग चोरतो. रागात भान सुटलं होतं, असं समर्थन करता येईल. पण राग आला म्हणून डोळस माणसाला पुतळ्यात आणि माणसात फरक दिसेनासा झाला, असं कोणी लिहिलं असतं का? आणि गंमत बघा, त्याच महाभारतात मयसभेत दुर्योधन चांगला डोळस असून फरशीला पाणी समजतो आणि पाण्याला फरशी. खाली वाकून एकदा हात लावला असता तर ती फजिती टळली असती, आणि पुढचंही बरंच काही. तरी त्यावरून डोळा हे बेभरवशाचं इंद्रिय आहे असा निष्कर्ष काढलेला माझ्या वाचनात नाही. आंधळा फसला की दोष स्पर्शाचा, डोळस फसला की करामत मयासुराची.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते एका फायबरच्या विष्णूमुळे.

आमच्या भागातल्या एका लहान संग्रहालयाने स्पर्शदालन करायचं ठरवलं. तिथल्या अभिरक्षक बाई तरुण आहेत, पुरातत्त्व शिकलेल्या, कामाला वाघ. त्यांचे मामा माझे विद्यार्थी, म्हणून मी त्यांचाही सर. तयार होऊन आलेल्या प्रतिकृती आंधळ्या माणसाने आधी तपासाव्यात, हे त्यांना सुचलं यातच त्यांचं वेगळेपण आलं. बहुतेक ठिकाणी आम्हाला उद्घाटनाला बोलावतात, हार घालतात आणि फोटो काढतात. तर त्यांनी मूर्ती माझ्यापुढे ठेवली. मी चार हात चाचपले. खालच्या उजव्या हातात पद्म, वरच्या उजव्यात शंख, वरच्या डाव्यात चक्र, खालच्या डाव्यात गदा. विष्णूच्या हातातल्या या चार वस्तूंचा क्रम बदलला की मूर्तीचं नाव बदलतं, अशी २४ नावं आहेत, आणि आपण संध्येत ती ओळीने म्हणतो. मी म्हटलं, "बाई, हा केशव." बाई म्हणाल्या, "सर, आमच्या फलकावर नुसतं विष्णू लिहिलंय." एवढा विजय पदरात पाडून मी नखाने मूर्तीच्या गुडघ्यावर टिचकी मारली. "आणि हा केशव पोकळ आहे."

त्या हसल्या. मूळ मूर्ती बेसाल्टची, आत काचेच्या कपाटात. ही फायबरची. मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलंत? त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं: आधी सांगितलं असतं तर तुमचा विरस झाला असता.

म्हणजे कृष्णनीतीच. कारणही तेच, मूळ जीव वाचवायचा. आणि कृष्णाची बाजू लंगडी नव्हती हे मी मान्य करतो. हाताला घाम असतो, घामात मीठ असतं, तेल असतं. काशावर बोटाचा ठसा उमटला की काही काळाने तो धातूत उतरतो. सच्छिद्र दगड तेल पितो आणि काळा पडतो. कापड, कागद, ताडपत्र यांचं तर नावच नको. संग्रहालयाचं काम वस्तू पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवण्याचं आहे, आणि त्या पिढ्यांतही आंधळे असणारच आहेत. हे सगळं बाईंनी मला समजावलं आणि मला ते समजलं. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो संग्रहालयाच्या आधीचा आहे. हाताला नेमकं काय कळतं?

न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय याच प्रश्नापासून सुरू होतो. गौतमाला आत्मा सिद्ध करायचा आहे, आणि तोही मडक्यासारख्या साध्या वस्तूवरून सिद्ध करायचा आहे. जे मी डोळ्याने पाहिलं तेच आता हाताने धरलं आहे, ही ओळख आपल्याला पटते. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रंग कळत नाही. मग या दोघांच्या साक्षी जुळवून 'वस्तू एकच' असा निकाल देणारा कोणीतरी दोघांहून वेगळा असला पाहिजे. एका वर्षी मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "सर, मग तुम्हाला आत्मा नाही का?" वर्गात सन्नाटा पसरला, मला मात्र तो पोरगा फार आवडला. मी त्याला म्हटलं, थोडं पुढे वाच. डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्याने ओळखता येतं, असाही युक्तिवाद त्याच प्रकरणात येतो. तिथे डोळ्याच्या जागी हात घाल. डाव्या हाताने चाचपलेलं मी उजव्याने ओळखतो. माझा आत्मा तेवढ्यावर सुखाने उभा आहे.

पण खरी मेख पुढे आहे. कान, नाक आणि जीभ यांना नैयायिक वस्तूपर्यंत पोचूच देत नाहीत. कानाला फक्त आवाज, नाकाला फक्त वास, जिभेला फक्त चव, म्हणजे वस्तूचे गुण तेवढे. खुद्द वस्तू, ज्याला ते द्रव्य म्हणतात, ती हाती लागते फक्त दोन इंद्रियांच्या, डोळ्याच्या आणि त्वचेच्या. संख्या, आकारमान, एकाचं दुसऱ्यापासून वेगळं असणं, दोन वस्तूंचं चिकटणं आणि सुटणं, हे सगळं या दोघांना सारखंच कळतं. एकटा रंग डोळ्याच्या खास मालकीचा. आता हा हिशेब संग्रहालयाच्या दाराशी नेऊन बघा. माझ्याकडे दोनपैकी एकच रस्ता आहे, आणि नेमका त्याच रस्त्यावर 'हात लावू नये' अशी पाटी. मग मला कानात यंत्र घालून मूर्तीची माहिती ऐकवतात. माहिती उत्तम असते, आवाजही गोड असतो. पण गौतमाच्या हिशेबाने मी त्या दालनात एकाही वस्तूला भेटलेला नसतो.

त्यांच्या मते तर डोळासुद्धा हातच आहे. डोळ्यातून तेजाचा किरण निघतो, वस्तूला जाऊन भिडतो, तेव्हा ती दिसते. बौद्धांनी आणि जैनांनी हे मत खोडून काढलं, आणि किरण डोळ्यातून निघत नाही हे आज शाळकरी पोरही सांगेल. तरी या चुकीच्या मतात मला एक शहाणपण वाटत आलं आहे. भिडल्याशिवाय ज्ञान नाही.

युरोपात हा प्रश्न फार नंतर, १६८८मध्ये विल्यम मॉलिन्यू नावाच्या आयरिश विद्वानाने जॉन लॉकला पत्रातून विचारला. मॉलिन्यूची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत आंधळी झाली होती, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेत जातं. जन्मांध माणूस हाताने ठोकळा आणि गोळा ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली तर समोर ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी ठोकळा कुठला आणि गोळा कुठला हे तो नुसतं बघून सांगू शकेल का? लॉक म्हणाला, नाही. त्याने हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या आवृत्तीत घातला आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू होता. निकाल लागला तो आपल्याकडच्या मुलांमुळे. पवन सिन्हांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यांतल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांवर झालेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टी सुटल्यावर लगेच, हाताने ओळखलेला आकार डोळ्यांनी निवडणं त्यांना जमेना, अंदाजपंचे म्हणावं इतपतच. पण काही दिवसांतच जमायला लागलं. म्हणजे हाताचा ठोकळा आणि डोळ्याचा ठोकळा यांची गाठ जन्मतः बांधलेली नसते. ती वापराने बसते, आणि चटकन बसते.

मला यातून जे घ्यायचं आहे ते संग्रहालयवाल्यांच्या फार उपयोगाचं आहे. डोळ्यासाठी काढलेलं चित्र थोडं फुगवलं की ते हाताचं होत नाही.

फुगवलेल्या चित्राशी माझी ओळख फार जुनी, देवघरातली. मंगळवेढ्याच्या आमच्या घरी देवांना आंघोळ घालायचं काम आजीने माझ्याकडे दिलं होतं. इतर मुलं देव सांडतात, हा सांडत नाही, असं ती शेजारणींना सांगे. ताम्हनात एकेक देव घेऊन मी त्याला चोळायचा, पुसायचा, पुन्हा जागेवर ठेवायचा. बाळकृष्ण रांगणारा, एक गुडघा वर, एका हातात लोणी, पाठीमागूनही पूर्ण घडवलेला. अन्नपूर्णेच्या मांडीवर पळी. शाळिग्रामाच्या भोकात करंगळीचं टोक जायचं आणि आत चक्राची वळणं लागायची. विठोबा तिथेच मला सगळा कळला, कमरेवरचे हात, कोपरांतल्या पोकळ्या, मागचं सपाट अंग. पण खंडोबाचा टाक मला कधीच कळला नाही. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडा, त्यावर देव, मागे म्हाळसा. घोड्याला किती पाय आहेत ते बोटांना सांगता येईना, कारण दोन पाय दुसऱ्या दोघांमागे दडलेले. म्हाळसा देवाला चिकटलेली की देवातून फुटलेली, तेही कळेना. आजी म्हणायची, अरे ती मागे बसलीय. मागे म्हणजे कुठे? पत्र्याला मागे काही नव्हतं, नुसते खड्डे होते.

एकामागे एक दडणं, लांबचं लहान होणं, रस्ता निमुळता होत जाणं, हे सगळे डोळ्याचे व्यवहार. माझ्या हातासाठी लांबची वस्तू लहान होत नाही, ती नुसती लांब असते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५मध्ये काही गाजलेल्या चित्रांच्या उठावाच्या प्रती हाताळायला ठेवल्या. उपक्रम चांगला, त्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. पण अशा उठावासमोर आंधळा माणूस सोबतच्या बोलण्यावाचून फार पुढे जात नाही, हे टाकाने मला शिकवलं आहे. बाईंनी लघुचित्राची उठावातली प्रत करायचा बेत सांगितला, तेव्हा मी म्हटलं, त्या पैशात त्या चित्रातली तलवार, त्यातला हुक्का आणि ती पगडी मिळवा. चित्राची गोष्ट मला कोणीतरी वाचून दाखवेल.

या सगळ्यावर लोक मला हत्तीची गोष्ट सांगतात. आंधळे आणि हत्ती. जन्मभर ऐकत आलो आहे. संस्कृतात तिचा न्यायच झालेला आहे, जैन तिच्यावरून अनेकांतवाद समजावतात, प्रवचनकार देवाच्या अनेक रूपांवर नेतात. सार एकच: हाताला तुकडा कळतो, डोळ्याला पूर्ण. पालीतल्या उदान ग्रंथात ही गोष्ट आहे ती नीट वाचा, निदान नीट वाचून घ्या. श्रावस्तीचा राजा एका माणसाला हुकूम करतो की नगरातले सगळे जन्मांध गोळा कर आणि त्यांना हत्ती दाखव. तो माणूस काय करतो? काहींना डोकं दाखवतो आणि सांगतो, हा हत्ती. काहींना कान, काहींना सोंड, काहींना पाय, काहींना शेपटीचं टोक, आणि प्रत्येकाला हेच सांगतो की हा हत्ती. मग राजा विचारतो, हत्ती कसा असतो? कोणी म्हणतो घागरीसारखा, कोणी सुपासारखा, कोणी मुसळासारखा, कोणी केरसुणीसारखा. भांडण जुंपतं, गुद्दागुद्दी होते, राजाची करमणूक होते.

आता सांगा, अपुरं काय होतं? त्या आंधळ्यांना हत्तीभोवती एक चक्कर मारायला बंदी कोणी केली? डोकं धरलेल्याचा हात कानावरून मानेवर, मानेवरून पाठीवर न्यायला कितीसा वेळ लागला असता? राजाच्या माणसाने हत्ती वाटून दिला आणि तुकड्याला पूर्ण हत्तीचं नाव दिलं. तुकडा हाताच्या स्वभावात नव्हता, दाखवणाऱ्याच्या बेतात होता. बुद्धाचा रोख अर्थात पंथापंथांनी भांडणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांवर आहे, आंधळ्यांवर नाही, आणि तो रोख मला मान्य आहे. माझी तक्रार राजाच्या माणसाबद्दल आहे. त्याच्यासारखे मला पुष्कळ भेटले.

शिवाय डोळा तरी पूर्ण कुठे बघतो? घारापुरीचा सदाशिव घ्या, सुमारे साडेपाच मीटर उंच. दिसतात तीन मुखं. चौथं मागे कातळात आहे आणि पाचवं वर आहे, असं शास्त्र सांगतं आणि डोळस भाविक मान हलवतात. न दिसलेल्या दोन मुखांना ते तुकडा म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात.

तेव्हा बाईंना मी सांगितलं ते एवढंच, हत्तीभोवती फिरू द्या. आधी ओंजळीत मावेल अशी लहान प्रत द्या, म्हणजे अख्खा आकार एका दमात दोन हातांत येतो. मग मोठ्या मूर्तीकडे न्या, तिथे हात कुठे आहे हे माणसाला ठाऊक असतं. मूर्ती भिंतीला टेकवू नका, पाठ मोकळी हवी. मूळ दगडाची एक ढलपी शेजारी ठेवा. बेसाल्ट गार लागतो आणि हाताखाली बराच वेळ गारच राहतो, फायबर मात्र हात लावताच आपल्या अंगाइतकं कोमट होऊन बसतं, अगदी खुशमस्कऱ्या माणसासारखं. वजन कळू द्या. आणि ब्रेल उभ्या भिंतीवर लावू नका, मनगट मुरगळतं, तिरप्या फळीवर लावा. ब्रेल सगळ्या आंधळ्यांना येतं हा डोळसांचा लाडका समज आहे, उतारवयात दृष्टी गेलेल्यांपैकी पुष्कळांना ते कधीच येत नाही, म्हणून बोलणारा माणूस किंवा यंत्र हवंच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५मध्ये 'अनुभव' नावाचं स्पर्शदालन केलं, ते बघून या. आणि डोळसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'अंधांचा अनुभव' देण्याचा खेळ कृपा करून ठेवू नका. पट्टी बांधलेल्याला फक्त हरवलेला डोळा कळतो. हात कळायला वर्षं लागतात.

कायद्याचं पाठबळही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कला आम्हाला उपलब्ध करून देण्याचं काम सरकारवर टाकलेलं आहे. पण कायदा आला म्हणून मी या कामात पडलो असं नाही. आपल्या धर्मविचारात या बाबतीत एक मोठी गाळलेली जागा आहे, तिने मला आयुष्यभर त्रास दिला आहे.

डोळा नाही म्हटलं की आपली परंपरा एकदम आत्म्यावर उडी मारते. लोक मला हमखास गुलाबराव महाराजांचं उदाहरण देतात. विदर्भातला हा संत (१८८१–१९१५), तान्हेपणीच दृष्टी गेलेली, आणि तरी शंभराहून अधिक ग्रंथ. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांचं नाव घेऊन मला जे सुचवलं जातं ते असं: तुला बाहेरचं दिसत नाही, चांगलंच आहे, तू आतलं बघ. रेल्वेत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा मला अंतर्दृष्टी बहाल करतो आणि मग माझी पिशवी कुठे ठेवली ते सांगायला विसरतो. डोळा आणि आत्मा यांच्या मध्ये हात नावाचं काहीतरी आहे, बाहेरच्या जगाची ओढ त्यालाही आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. मला आतलं हवंच आहे. पण मला मूर्तीच्या मुकुटावरची नक्षीही हवी आहे.

धर्माच्या व्यवहाराने मात्र हाताला विसरलेलं नाही, आणि तिथेच गोष्ट अवघड होते. पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता येतं. डोकं टेकलं न टेकलं तोच मागून ढकलतात, पण तेवढ्यात बोटांना पाय लागतात. शतकानुशतकं लागलेल्या डोक्यांनी आणि हातांनी ते पाय झिजले. झीज थांबवायला वज्रलेप करावे लागले, अलीकडे २०२०मध्ये झाला. २०२४मध्ये मंदिराच्या जतनाच्या कामासाठी काही आठवडे पदस्पर्श बंदच होता. संग्रहालयाच्या नियमाने बघितलं तर हा निव्वळ निष्काळजीपणा. पण ती झीज म्हणजेच त्या मूर्तीचा इतिहास आहे, आणि तो वाचायला बोटंच लागतात. देव झिजतो म्हणून भेट थांबवायची नाही, लेप लावायचा आणि पुन्हा भेटायचं, असा तो व्यवहार आहे. त्याला मी आंधळी श्रद्धा म्हणणार नाही. वस्तूचं आयुष्य आणि वस्तूची भेट यांत कुठे किती सोडायचं, याचा तोही एक विचारपूर्वक काढलेला तोडगा आहे.

आणि ती भेट सगळ्यांसाठी होती असंही नाही. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे. हे दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. आमच्या घराला त्या गाभाऱ्यात कधी कोणी अडवलं नव्हतं, तेव्हा मी जपूनच बोललं पाहिजे. मला नाकारलेला स्पर्श आणि त्यांना नाकारलेला स्पर्श एक नव्हे. माझ्या हाताने वस्तू झिजेल अशी भीती होती, त्यांच्या हाताने देव विटाळेल असं सांगितलं गेलं. पहिल्यात काळजी आहे, दुसऱ्यात केवळ अपमान. तरीही महाराष्ट्रात 'हात लावू नये' ही पाटी लिहिताना ती लिहिणाऱ्याने क्षणभर थांबावं असं मला वाटतं.

आता पुन्हा लोखंडी भीमाकडे. प्रतिकृतीला माझा विरोध नाही. इटलीत आंकोना इथे ओमेरो नावाचं स्पर्शसंग्रहालय आहे, आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या आंधळ्या दांपत्याच्या प्रयत्नांतून १९९३मध्ये उभं राहिलेलं. तिथे मायकेलअँजेलोच्या पिएताची पूर्ण आकाराची प्रत आहे, पार्थेनॉनचा नमुना आहे. पार्थेनॉन कोणाच्याच मिठीत मावत नाही, नमुना मावतो. आपल्या मंदिरांतही मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही, पालखीत उत्सवमूर्ती निघते, आणि तिच्यापुढे हात जोडताना ही खरी नव्हे असं कोणाच्या मनात येत नाही. पण उत्सवमूर्ती उत्सवमूर्ती म्हणूनच निघते. तिला कोणी गाभाऱ्यातली म्हणून खपवत नाही. धृतराष्ट्राला पुतळा दिला याचं मला काही नाही. पुतळा आहे हे त्याला सांगितलं नाही, याचं आहे.

आणि सगळंच प्रतिकृतींवर भागवू नका, हे माझं दुसरं म्हणणं. इंग्लंडमध्ये संडरलंडच्या संग्रहालयात चार्लटन डीज नावाच्या अभिरक्षकाने १९१३मध्ये आंधळ्या मुलांना बोलावून संग्रहातल्या खऱ्या वस्तू हातात दिल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमू नये असं काही नाही. काही तरी खरं हवं. मी बाईंना विचारलं, तुमच्याकडे असं काय आहे जे पुष्कळ आहे आणि दणकट आहे? त्यांनी सांगितलं, वीरगळ. आवारात रांगेने उभे आहेत, पंधरा-वीस तरी असतील. ऊन, पाऊस आणि कावळे यांना ते खुले आहेत, हात लावायला बंदी आहे.

मी त्यांना तिथे न्यायला सांगितलं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि बहुधा शेजारी गाई, ज्यांच्यासाठी तो मेला. वर लढाई. त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच. खालचं मरण झिजलेलं होतं पण बोटांना लागत होतं, ढालीची गोल कड अजून तीक्ष्ण होती. उठाव असूनही हा टाकासारखा फसवत नाही, कारण घडवणाऱ्याने माणसं एकामागे एक न लपवता शेजारी-शेजारी मांडली आहेत. मी बाईंना म्हटलं, यांतला एक आत घ्या, तिरपा न ठेवता जमिनीपासून उभा करा, म्हणजे माणूस खाली बसून वाचायला सुरुवात करेल आणि उठत उठत स्वर्गात जाईल. बाकीचे जपा, हा एक झिजू द्या.

"आणि शंभर वर्षांनी गुळगुळीत झाला तर?" बाईंनी विचारलं.

"दुसरा आत घ्या. हे वीर मरायला तयार होते म्हणूनच त्यांचे दगड उभे राहिले."

हे उत्तर वरच्या कार्यालयात चालणार नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्ज मात्र त्यांनी त्याच दुपारी केला. त्यात 'प्रयोजन' असा एक रकाना आहे. त्यांनी लिहिलं, दिव्यांग अभ्यागतांसाठी सुविधा. मी म्हटलं, ते खोडा आणि लिहा, वीरगळ नीट समजावा म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, तसं लिहिलं तर वरून येईल की समजण्यासाठी फलक आहे की." अर्ज 'सुविधा' म्हणूनच गेला आहे. केशवाच्या फलकाची दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या अखत्यारीत करून घेतली, आणि त्याखाली, माझ्या आग्रहाखातर, फायबरची प्रतिकृती असंही छापलं, ब्रेलमध्ये आणि मोठ्या अक्षरांत.